मदत हवी आहे: कठोर बापाबद्दल वाचकाला ओढ कशी वाटेल?

कादंबरीचा मसुदा लिहिते आहे. त्यात एक कठोर बाप आहे, मुलाशी वर्षानुवर्षं धड न बोललेला. वाचणाऱ्यांना तो पटतो, पण त्याच्याबद्दल आतून काही वाटत नाही. त्याचं बालपण, झालेले अपमान एका प्रकरणात आले आहेत, पण ते त्याची बाजू मांडणारं वकिली भाषण वाटतं.

मला वाटतं, भूतकाळापेक्षा त्याला आज काय हवंय आणि त्याच्या आड तो स्वतःच कसा येतो, हे दिसायला हवं. मुलगा घरी यावा अशी त्याची मनापासून इच्छा आहे. पण मुलगा दारात दिसला, की पहिलं वाक्य निघतं ते टोचणारंच. ही विसंगती मला अगदी खरी वाटते.

अडचण अशी, की निवेदन मुलाचं, प्रथमपुरुषी आहे. बापाच्या मनात शिरता येत नाही. मग मुलाला न कळलेलं वाचकाला कळेल, अशा कृती आणि संवाद कसे रचायचे? कुणी असं लिहिलंय का? की तृतीयपुरुषी निवेदन घ्यावं? त्यात मुलाचा आवाज हरवेल, आणि तो मला फार मोलाचा आहे. बापाला शेवटी रडवायचं मात्र नाही, एवढं नक्की.

कुणी वाचणार असेल तर भेटीचा प्रसंग इथे टाकते.