सेंट्रल सिटी आणि ब्लॅक हॉक: जुगाराने गाव राखलं का?

१८५९ मध्ये जॉन ग्रेगरीला कोलोराडोच्या या घळीत सोनं सापडलं आणि एकमेकांना लागून दोन गावं वसली. वर सेंट्रल सिटी, खाली ब्लॅक हॉक. १९६१ मध्ये त्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. पुढे जुन्या इमारतींच्या डागडुजीला पैसा हवा म्हणून १९९० मध्ये राज्याच्या मतदारांनी इथे जुगाराला परवानगी दिली आणि १९९१ च्या ऑक्टोबरात कॅसिनो सुरू झाले.

माझं मत स्पष्ट आहे: गाव राखलं गेलं नाही. ब्लॅक हॉकमधलं १८६३ चं लेस हाऊस घ्या. लाकडी नक्षीची झालर असलेलं ते सुरेख घर २००८ मध्ये मूळ जागेवरून उचलून दुसरीकडे नेलं. घर शाबूत आहे, पण ज्या उतारासाठी ते बांधलं तो उतार कुठे आहे? कित्येक इमारतींची तर नुसती दर्शनी भिंत उरली, आत स्लॉट मशीनं.

प्रतिसाद १
साफ असहमत. खाणी थंडावल्यावर छपरं गळत होती तेव्हा पैसा कोण देणार होतं? जुगाराच्या करातून खर्च वजा जाता २८ टक्के रक्कम राज्याच्या वारसा निधीत जाते. त्यातून कोलोराडोभर जुनी न्यायालयं, शाळा, रेल्वे स्थानकं दुरुस्त झाली. हे या दोन गावांमुळेच.

धागाकर्ता
म्हणजे राज्याचा वारसा जपायला या गावांनी आपला द्यायचा? त्या निधीतला पाचवा हिस्साच जुगाराच्या गावांकडे परत येतो. आणि राहतं कोण? २०२० च्या जनगणनेत ब्लॅक हॉकची वस्ती सव्वाशेच्या आसपास. किराणा दुकानांच्या जागी कॅसिनो आले की माणसं टिकणार कशी?

प्रतिसाद २
दोन्ही गावांना एकाच मापाने मोजू नका. सेंट्रल सिटीत १८७४ च्या आगीनंतर विटा-दगडांत बांधलेली पेठ अजून पेठेसारखी दिसते. कारण मात्र सुखाचं नाही: खेळायला येणारे डोंगर चढण्याआधी ब्लॅक हॉकलाच थांबत, म्हणून वर पैसाही कमी आला आणि मोडतोडही कमी झाली. महामार्गाहून थेट वर येणारा नवा रस्ता त्यांनी २००४ मध्ये केला, तोवर पुष्कळ उशीर झाला होता.

प्रतिसाद १
हे मान्य. पण १८७८ चं ऑपेरा हाऊस विसरू नका. १९३२ पासून तिथे उन्हाळ्यात ऑपेरा होतात. ते जुगाराच्या कितीतरी आधीचं.

धागाकर्ता
तेच तर. तिथे लोक त्या वास्तूसाठीच येतात.