मदत हवी आहे: मुलीने दूध-दही बंद केलंय, कॅल्शियम कसं भरून काढू?

दांडियाबझारची_आई
मुलीने दिवाळीनंतर दूध, दही, ताक, तूप, पनीर सगळं बंद केलं. व्हीगन व्हायचंय म्हणते. माझा विरोध नाही, पण पोरगी सारखी दमते. संध्याकाळी घरी आली की आधी आडवी होते. रोजच्या जेवणात नेमकं काय वाढवू ते सांगा. दूध पुन्हा सुरू करा हा सल्ला नको, तो घरात सगळे देऊन झालेत. जरा लवकर सांगा.

मांजलपूरकर
वय? वजन? आधी अंडी-मासे खायची का? रक्त तपासलंय का?

खंडेराव_मार्केट
यादीच हवी ना, घ्या. नाचणीची भाकरी: १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे एक पेला दुधापेक्षा जास्त. तिळाची चटणी रोज. मेथी, शेवग्याचा पाला. पालकावर विसंबू नका, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. आमच्याकडे सून नाचणीचं खिचू (उकड) करते, वर शेंगदाण्याचं तेल. मुलं वाटीभर खातात.

गोधन
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दूध सोडणंच चुकीचं आहे. पिढ्यानपिढ्या आपण दूध-तुपावर वाढलो. मुलीला समजवा.

अलकापुरी_व्हीगन
ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये हा सल्ला नको म्हटलंय. मी सात-आठ वर्षं दुधाला हात लावलेला नाही आणि ठणठणीत आहे. सोयाबीनच्या वड्या आणा, कोरड्या १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅम प्रथिनं. आणि स्पिरुलिना, म्हणजे शेवाळाची पूड, सुरू करा, बी१२ जीवनसत्त्व त्यातच मिळतं.

कारेलीबाग_फार्मसी
स्पिरुलिनाचं चुकीचं सांगताय. त्यात जे असतं ते बहुतांशी बी१२सारखं दिसणारं, शरीराच्या उपयोगाचं नाही. ढोकळा-इडलीचं पीठ आंबवलं की बी१२ तयार होतं, यावरही भरवसा ठेवू नका.

दांडियाबझारची_आई
वय २३, वजन ५५. अंडं आमच्या घरात कधीच नाही. रक्त कशाला तपासायचं, दमतेय ती दूध सोडल्यामुळेच. रात्री पायांना मुंग्या येतात म्हणते, ते कॅल्शियमचंच असेल ना? नाचणी उद्यापासून सुरू करते. दूध नको म्हणून जेवणानंतर काळा चहा देते, तो चालेल?

मांजलपूरकर
५५ किलोला रोज साधारण ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन्ही वेळा वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, मूठभर शेंगदाणे आणि थोड्या सोयावड्या, एवढ्यात भागतं. जेवणाला लागून चहा मात्र बंद, त्याने लोह नीट शोषलं जात नाही. त्याऐवजी लिंबू किंवा आवळा द्या.

सुरसागर_संध्याकाळ
उसळीवरून आठवलं. आपल्या बडोद्याची शेव-उसळ दूध-तुपाविना होते की! सुके पांढरे वाटाणे रात्री भिजवायचे, लसणीचा तिखट मसाला, वरून शेव आणि कांद्याची पात. तर्री कोणाची चांगली यावर मात्र वाद होईल.

खंडेराव_मार्केट
वाद कशाला, घरी केलेली सगळ्यात चांगली. कांद्याची पात शेवटी घाला, नाहीतर मऊ पडते.

मायेची_ऊब
केस गळत असतील तर माक्याचं तेल लावा. माझ्या भाचीला फरक पडला.

कारेलीबाग_फार्मसी
सगळे जरा थांबा. ताई, पायांना मुंग्या आणि थकवा म्हटल्यावर आधी बी१२ बघायला हवं. मुलीला कुठल्या गोळ्या चालू आहेत?

दांडियाबझारची_आई
गोळ्या नाहीत. म्हणजे पीसीओडीची (पाळी अनियमित होते त्याची) एक आहे, पण ती कॉलेजपासून आहे, तिचा इथे काय संबंध?

कारेलीबाग_फार्मसी
नाव सांगा.

दांडियाबझारची_आई
मेटफॉर्मिन.

कारेलीबाग_फार्मसी
संबंध आहे. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की बी१२ कमी शोषलं जातं. त्यात मुलगी जन्मापासून शाकाहारी, म्हणजे जे मिळायचं ते दूध-दह्यातूनच, आणि आता तेही बंद. बी१२चा साठा यकृतात वर्षानुवर्षे पुरतो. दूध सोडून काही महिन्यांत तो रिकामा होत नाही, त्यामुळे तिचं आधीपासूनच कमी असावं असं मला वाटतं. नाचणी कितीही खाल्ली तरी हे भरून निघणार नाही. मुंग्यांकडे दुर्लक्ष झालं तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं.

आधी रक्त द्या, मगच गोळी सुरू करा, नाहीतर आकडा खोटा येतो. बी१२ बरोबर हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि डी जीवनसत्त्व बघा. परस्पर फॉलिक अ‍ॅसिड देऊ नका, त्याने रक्ताचं चित्र सुधारतं आणि नसांचा बिघाड झाकला जातो. मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका. रिपोर्ट घेऊन, ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडेच जा.

गोधन
म्हणजे दूध सोडल्यामुळेच झालं ना शेवटी?

मांजलपूरकर
नाही काका, पुन्हा वाचा. दूध रोज पिणाऱ्या शाकाहारी घरांतही बी१२ कमी निघतं. माझं निघालं होतं, ताकाशिवाय माझं जेवण होत नाही तरी.

दांडियाबझारची_आई
उद्या सकाळीच रक्त द्यायला नेते. पण बी१२ची गोळी ती घेईल का? प्राण्यांपासून बनलेलं काही चालत नाही तिला.

अलकापुरी_व्हीगन
घेईल. गोळीतलं बी१२ जिवाणूंपासून बनवतात. मीही नेहमी घेते, स्पिरुलिना वेगळं. फक्त जिलेटिनची कॅप्सूल नको, साधी गोळी मागा. डी३ मात्र बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात, ते डॉक्टरांनी दिलं तर डी२ चालेल का विचारा.

दांडियाबझारची_आई
हे तिला वाचून दाखवते. रिपोर्ट आला की इथेच टाकते.

सुरसागर_संध्याकाळ
शेव-उसळीला वाटाणे किती तास भिजवता तुम्ही?