फ्रिज नसला तरी ताजं खाता येतं

व्हॅनमध्ये राहून प्रवास करताना फ्रिज नसेल तर पाकिटातलंच खावं लागतं, असं कुणी कुणी म्हणतं. मला नाही पटलं. कांदे, बटाटे, कोबी, अख्खा भोपळा सावलीच्या, हवेशीर कोपऱ्यात आठवडाभर सहज टिकतात. कडधान्यं भिजवून प्रेशर कुकरला लावली की गॅस वाचतो, शिवाय गाडीत वाफ कमी कोंडते (नाहीतर काचांपासून गादीपर्यंत सगळं दमट!). रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये उकळतं पाणी ओतून ओट्स छान होतात. राजमा मात्र त्यात अजिबात नको. तो भिजवून, ते पाणी फेकून, किमान १० मिनिटं खळखळून उकळावाच लागतो. अर्धाकच्चा राहिला तर त्यातल्या लेक्टिन या विषारी प्रथिनामुळे उलट्या होतात. आणि कितीही थंडी असो, शेगडी पेटलेली असताना खिडकी उघडी हवीच. जळत्या शेगडीतून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, त्याचा अलार्म आधी बसवा, मसाल्याचे डबे नंतर.