'फॉर कलर्ड गर्ल्स' बघायला पंधरा वर्षांच्या मुलीला नेऊ का?

मैत्रेयी_जर्सीकर
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. इथल्या (न्यू जर्सी) एका कॉलेजात पुढच्या महिन्यात 'फॉर कलर्ड गर्ल्स' हे नाटक लागतंय. माझी ऑफिसमधली मैत्रीण त्यात 'लेडी इन ग्रीन' करतेय, सगळ्या हौशीच आहेत पण चार महिने झाले तिचा एक शनिवार मोकळा नाही, आणि दोन तिकिटं तिने माझ्या हातात कोंबलीसुद्धा. लेक मागे लागलीये मलाही यायचंय. आता प्रॉब्लेम असा की नाटकाच्या पूर्ण नावात आत्महत्या हा शब्द आहे, म्हणून लायब्ररीतून पुस्तक आणलं तर त्यात गोष्टच सापडेना. कॅपिटल अक्षरं नाहीत, स्पेलिंगं वाट्टेल तशी, ओळींच्या मधे तिरक्या रेघा, पात्रांना नावं नाहीत नुसते रंग. मैत्रिणीला विचारलं तर म्हणते तू फक्त ये. सगळं रडगाणंच आहे का हो? पोरीला नेऊ की नको?

तिसरी_घंटा
अगं गोष्ट शोधूच नकोस, नाहीये. लेखिका एन्तोझाके शांगेने याला 'कोरिओपोएम' असं नाव दिलं, म्हणजे कविता, नाच, गाणं सगळं एकत्र, वीसेक कविता आणि सात रंगांच्या सात बायका. आणि स्पेलिंग वाट्टेल तसं नाहीये, बोलतात तसं लिहिलंय, मोठ्याने वाचून बघ लगेच कळतं. 'कलर्ड' हा शब्दही मुद्दाम घेतलाय, ब्लॅक लोकांसाठीचा, आजीच्या पिढीतला, आजीलाही कळावा म्हणून.

१९७४ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलेजवळ बायकांच्या एका बारमध्ये हे सुरू झालं, तिथून न्यूयॉर्क, आणि सप्टेंबर १९७६ मध्ये थेट ब्रॉडवेवर (न्यूयॉर्कची मुख्य व्यावसायिक रंगभूमी) बूथ थिएटरला, ७४२ प्रयोग! ब्लॅक बाईने लिहिलेलं ब्रॉडवेवरचं हे फक्त दुसरं नाटक, पहिलं लोरेन हॅन्सबेरीचं १९५९ मधलं. शांगेही मूळची तुमच्या जर्सीचीच, ट्रेंटनची.

मी २०२२ मध्ये बघितलं, पुन्हा त्याच बूथला, दिग्दर्शन आणि कोरिओग्राफी दोन्ही कमिल ब्राउनचं. रडगाणं अजिबात नाही. सुरुवातीला एकेक जण सांगते मी शिकागोच्या बाहेर, मी डेट्रॉइटच्या बाहेर, मी ह्यूस्टनच्या बाहेर... सातही जणी 'बाहेर', एकही 'आत' नाही. हे मला घरी आल्यावर लक्षात आलं. आणि मग त्याच बायका टाळ्यांचे खेळ काय खेळतात, शिवाशिवी काय, स्टॅच्यू काय. लेडी इन पर्पल झालेली अलेक्झांड्रिया वेल्स कर्णबधिर आहे, ती हातांच्या खुणांनी कविता म्हणत होती आणि मी तिच्यावरून नजर काढू शकले नाही.

अनघा७९
रडगाणं नाही हे मान्य, पण वयाचं कोणीच सांगत नाहीये म्हणून मी सांगते. बलात्कारावर एक तुकडा आहे, गर्भपातावर एक आहे, आणि शेवटाकडे लेडी इन रेड क्रिस्टल नावाच्या बाईची हकीकत सांगते. तिच्या दोन लहान मुलांचा बाप त्या मुलांना पाचव्या मजल्याच्या खिडकीबाहेर धरतो आणि म्हणतो लग्नाला हो म्हण, आणि तिच्या तोंडून आवाजच फुटत नाही, नुसती कुजबूज. तो मुलांना सोडून देतो. दाखवत काहीच नाहीत, एक बाई उभं राहून सांगते एवढंच, पण तेच जास्त अंगावर येतं. २०२२ ला हे करणारी केनिटा मिलर खरोखरची गरोदर होती, पोट दिसत होतं, माझ्या शेजारच्या बाईने माझा हात कधी धरला आम्हा दोघींनाही कळलं नाही. मूळ संचातल्या ट्रझाना बेव्हर्लीला याच भूमिकेसाठी १९७७ मध्ये टोनी हा नाटकांचा मोठा पुरस्कार मिळाला होता.

पंधराव्या वर्षी चालेल असं माझं मत. पण हा प्रसंग तिला आधी सांगून ठेव, थिएटरात पहिल्यांदा कळायला नको. आणि त्यानंतर लगेच उठून जाऊ नका! त्याच्या पुढे सगळ्या जणी एकमेकींवर हात ठेवतात, तो शेवट चुकला तर मग नुसती खिडकीच घरी घेऊन याल.

स्पष्टवक्ता_काका
मी जरा वेगळं बोलतो. मला आवडलं नाही. एकही धड पुरुष नाही त्यात, सगळे फसवणारे नाहीतर मारणारे. हे मीच म्हणतोय असं नाही, सत्तरच्या दशकात कितीतरी ब्लॅक पुरुषांनीच यावर टीका केली होती.

तिसरी_घंटा
काका टीका झाली होती हे खरं. पण 'एकही नाही' कसं? आठ वर्षांची पोर आहे ना, सेंट लुईसची, १९५५ साल. लायब्ररीतल्या वाचनस्पर्धेत तिला बाद करतात कारण तिने मोठ्यांच्या विभागातलं हैतीच्या गुलामांच्या उठावाचा नेता तुसाँ लूव्हेर्त्यूर याच्यावरचं पुस्तक वाचलेलं असतं. मग ती त्या तुसाँला मनातला मित्र करून हैतीला पळून जायला निघते आणि वाटेत भेटतो कोण तर तुसाँ जोन्स नावाचा खराखुरा पोरगा. काय गोड आहे तो! आणि खिडकीतला तो माणूसही व्हिएतनाम युद्धातून मोडून आलेला आहे, ते कवितेतच आहे. माफ करा म्हणत नाही मी त्याला, पण नुसता राक्षस नाही रंगवलेला.

मैत्रेयी, तुझ्या मैत्रिणीच्या वाट्याला सगळ्यात धमाल तुकडा आलाय बरं का. कोणीतरी माझं सगळं सामान घेऊन पळतच होता की, असं ती ओरडून सांगते, आणि सामान म्हणजे तिचं हसणं, तिचं बसणं, तिचे पाय, अंगावरचे व्रणसुद्धा. परत दे म्हणते! लोक जागेवरून ओरडून साथ देतात तेव्हा गप्प बसून राहू नका.

मैत्रेयी_जर्सीकर
सगळ्यांना थँक्यू, काका तुम्हालाही. काल रात्री ते लायब्ररीवालं मोठ्याने वाचलं आणि खरंच, कानाला सगळं कळलं. मग हिंमत करून लेकीला खिडकीचा प्रसंग सांगायला बसले, शब्द जुळवत होते, तर म्हणते आई मला माहितीये, तू ऑफिसला होतीस तेव्हा मी पूर्ण वाचलं. मी म्हटलं मग बोलली का नाहीस, तर म्हणे तू घाबरशील म्हणून.