'डायट' चिवडा, मल्टिग्रेन बिस्किटं आणि तीन आठवडे अडलेलं वजन

सिडकोकर:
वय ३८, उंची १५६ सेंमी. दोन महिन्यांत ७२ वरून ६८ किलो झाले, पण आता तीन आठवडे काटा हलत नाही. आहार १५०० कॅलरीचा ठरलाय. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, भाजी, वरण. सकाळी गोल्फ क्लबवर ४५ मिनिटं चालणं. संध्याकाळी एक वाटी 'डायट' चिवडा, चहाबरोबर चार मल्टिग्रेन बिस्किटं आणि 'नो ॲडेड शुगर' ज्यूसचा ग्लास.
चिवड्याच्या पाकिटावर पुढे मोठ्या अक्षरांत 'भाजलेला, तळलेला नाही, फक्त ११५ कॅलरी'. मागे घटक: पोहे, शेंगदाणे, पामोलीन तेल, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, मीठ, मसाले. १०० ग्रॅमला ऊर्जा ४६०, फॅट १७ ग्रॅम. चुकतंय कुठे?

गोदाकाठ:
ताई, उत्तर तुम्हीच लिहिलंय. ४६० ला ११५ ने भागा, ४ येतात. म्हणजे पुढची ११५ कॅलरी फक्त २५ ग्रॅमची आहे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्य करा, मग रोज घेता तेवढाच चिवडा ओता. हात आखडू नका, नाहीतर मोजण्यात अर्थ नाही.

आता 'तळलेला नाही' बघू. पोह्यांत फॅट १०० ग्रॅमला जेमतेम ग्रॅम-दीड ग्रॅम. शेंगदाण्यात साधारण निम्मं. १०० ग्रॅम चिवड्यात १५ ग्रॅम दाणे धरले तरी त्यांचे ७ ग्रॅम होतात. उरलेलं ९ ग्रॅमच्या आसपास फॅट हे वरून घातलेलं तेल. पोहे कढईत तळले नाहीत हे खरं असेल, पण तेल आहेच.

घरी केला तरी फार फरक पडत नाही, हेही सांगायला हवं. १०० ग्रॅम पातळ पोहे कोरडे भाजून, २ छोटे चमचे तेलाची फोडणी आणि १५ ग्रॅम दाणे घातले, तर १०० ग्रॅम चिवड्याला ४०० च्या वर कॅलरी येतात, कारण कोरडे पोहेच साडेतीनशेचे. चिवडा खायचा तर २५ ग्रॅम मोजून, पाकीट लगेच बंद करून. नाहीतर कुरमुरे घ्या. ग्रॅमला ऊर्जा कोरड्या पोह्यांएवढीच, पण मोठी वाटी भरूनही १५ ग्रॅमच्या आसपास भरतात. कांदा, टोमॅटो, लिंबू, एक चमचा दाणे. किंवा ३० ग्रॅम फुटाणे: ११० कॅलरी, सहाएक ग्रॅम प्रोटीन, आणि जेवणापर्यंत पोट धरतं.

लेबलवाचक:
घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. तुमच्या यादीत साखर, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) आणि डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोज) अशा तीन वेगळ्या नोंदी आहेत. तिघींची बेरीज एका नावाने लिहिली असती तर ती कदाचित तेलाच्याही वर गेली असती. माल्टोडेक्स्ट्रिन तर 'शुगर'च्या ओळीत जवळजवळ मोजलंच जात नाही, पण ग्रॅमला ४ कॅलरी देतं आणि रक्तातली साखर झपाट्याने चढवतं.

'शुगर फ्री' लिहायचं तर एफएसएसएआयच्या (देशातल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाप्रमाणे १०० ग्रॅमला साखर ०.५ ग्रॅमच्या वर नको. 'नो ॲडेड शुगर' हा निराळा दावा आहे, त्यात फळाची स्वतःची साखर राहते. १०० मिलिला १२ ग्रॅम असेल तर तुमच्या २०० मिलिच्या ग्लासात २४ ग्रॅम, म्हणजे सुमारे १०० कॅलरी, चोथा नाहीच. जून २०२४ मध्ये एफएसएसएआयने '१०० टक्के फळांचा रस' हा दावाही पाकिटांवरून काढायला लावला. द्राक्षांच्या हंगामात १०० ग्रॅम द्राक्षं चावून खा, ७० च्या आसपास कॅलरी. पण तितक्याच वजनाचे बेदाणे ३०० च्या घरात जातात, तिथे मूठ आवरा.

बिस्किटांच्या पुड्यावर पुढे ज्या धान्याचं चित्र आहे, त्याची टक्केवारी मागे शोधा. पहिला घटक मैदा असेल तर ती मैद्याचीच बिस्किटं. बहुतेक बिस्किटं १०० ग्रॅमला ४५० ते ५०० कॅलरीची असतात. तुमची चार, साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे १६०-१७०.

पंचवटी_४२२००३:
काट्याबद्दल. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. मिठामुळे, पाळीमुळे पाणी साठून एक-दीड किलो सहज वरखाली होतं. रविवारी मिसळ खाल्ल्यावर सोमवारी वाढलेला आकडा बहुतेक पाण्याचा. मिसळ सोडू नका, फक्त तर्री वेगळी मागा आणि चमच्याने घ्या. तेलाचा एक मोठा चमचा १२० कॅलरीचा. पाव एकच, शेव निम्मी, मटकी जास्त.
भाकरीही मोजा. ज्वारीचं पीठ आणि गव्हाचं पीठ, वजनाला कॅलरी जवळपास सारख्याच. पातळ पोळीपेक्षा जाड भाकरीत पीठ दुप्पट जाऊ शकतं.

सिडकोकर:
वाटी मोजली, ५२ ग्रॅम. चतुर्थीला साबुदाणा खिचडी होते, त्याचं काय?

गोदाकाठ:
५२ ग्रॅम म्हणजे २४०. त्यात बिस्किटं आणि ज्यूस मिळवले की ५०० होतात. १५०० कॅलरीच्या आहारात यातलं किती धरलं होतं ते तपासा.
कोरडा साबुदाणा १०० ग्रॅमला ३५० कॅलरी, प्रोटीन जवळजवळ शून्य, वर कूट आणि तूप. त्याऐवजी ४० ग्रॅम कोरडी भगर शिजवा. कॅलरी वजनाला तितक्याच, पण फुलून ताट भरतं. दाण्याची आमटी पातळ करा, कूट दोन चमचेच, सोबत वाटीभर दही.