विषय: जुने घर घेताना कोणत्या विशेष तपासण्या कराव्यात?

प्रेषक: वैशाली

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आम्ही एक घर पसंत केले असून त्याचे नेहमीचे होम इन्स्पेक्शन नुकतेच पार पडले. घर साधारण पन्नास वर्षांपूर्वीचे, लाकडी सांगाड्याचे, खाली बेसमेंट असलेले आहे. समोर एक मोठे झाड आहे आणि विक्रेते घर रिकामे करून आधीच दुसरीकडे राहायला गेले आहेत. अहवालात गंभीर म्हणावे असे काही निघाले नाही, मात्र सोबत इन्स्पेक्टरने जादा तपासण्यांची लांबलचक यादी जोडली आहे: रेडॉन, सीवर लाईनमध्ये कॅमेरा, थर्मल कॅमेरा, बुरशीसाठी हवेचा नमुना, ॲस्बेस्टॉस, ब्लोअर डोअर. सगळ्या एकत्र करून घेतल्यास सवलत मिळेल असेही लिहिले आहे. करारातील तपासणीची मुदत संपत आली आहे, त्यामुळे यांपैकी नेमक्या कोणत्या कराव्यात याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

आणखी एक विचारायचे होते. बेसमेंटच्या चार भिंतींपैकी एकाच भिंतीला ताजा रंग दिलेला आहे. त्याला काही अर्थ असू शकतो का?

आपली,
वैशाली


प्रेषक: श्रीधर

वैशालीताई, नमस्कार.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे इमारतींमधील दोष शोधण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढच्या मेलकडे वळावे.

नेहमीचे इन्स्पेक्शन ही डोळ्यांनी केलेली पाहणी असते. अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स ही संघटना १९७६ सालापासून या क्षेत्रात आहे आणि तिच्या नियमावलीतही उघड दिसणारे व सहज हात पोहोचणारे तेवढेच तपासणे अपेक्षित धरलेले आहे. सामान हलवणे, भिंत उघडणे, जमिनीखालची वाहिनी पाहणे किंवा हवेतील घातक घटक मोजणे त्या कामात येत नाही. म्हणजे ‘काही निघाले नाही’ या शब्दांचा अर्थ ‘दिसण्यासारखे काही नव्हते’ एवढाच घ्यावा.

घरातील छुपे दोष मी दोन गटांत धरतो. काही दोष कुठे ना कुठे खूण सोडतात: डाग, फुगवटा, वास, तडा, नको तिथे दिलेला रंग. काही दोष मात्र शेवटपर्यंत कसलीही खूण दाखवत नाहीत. या दुसऱ्या गटासाठी तपासणी डोळे मिटून करून घ्यावी. पहिल्या गटासाठी खूण दिसली तरच आणि त्या खुणेपुरतीच करावी. सवलतीची ‘पॅकेजे’ हा भेद पुसून टाकतात, म्हणून मला ती आवडत नाहीत.

दुसऱ्या गटात तुमच्या यादीतील दोनच गोष्टी येतात. पहिली रेडॉन. जमिनीतील युरेनियमच्या विघटनातून तयार होणारा हा वायू रंगहीन आणि गंधहीन असतो, पायाच्या भेगांतून आणि नळांभोवतीच्या फटींतून घरात शिरतो आणि बंद बेसमेंटमध्ये साठतो. धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचे ते एक प्रमुख कारण मानले जाते. घरांमधील रेडॉनकडे अमेरिकेचे लक्ष वेधले गेले ते १९८४ साली. पेनसिल्व्हेनियातील लिमरिक अणुवीज केंद्र तेव्हा उभारले जात होते आणि तेथील स्टॅन्ली वॉट्रस नावाच्या अभियंत्यामुळे किरणोत्सार तपासणारी यंत्रे वाजू लागली. केंद्र अजून सुरूच झालेले नव्हते. शोध घेतल्यावर किरणोत्साराचा उगम त्यांच्या स्वतःच्या घरात सापडला. तेथील पातळी लिटरला सुमारे २७०० पिकोक्युरी (पिकोक्युरी आणि बेकरेल ही किरणोत्सार मोजण्याची एकके) होती आणि आज तिथे ४ पिकोक्युरीला उपाय करण्याचा सल्ला दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचवलेली पातळी घनमीटरला १०० बेकरेल, म्हणजे याहूनही कमी आहे. शेजाऱ्याच्या घरात रेडॉन नाही, यावरून आपल्या घराविषयी काहीही ठरत नाही.

या चाचणीत वेळ आणि शिस्त दोन्ही लागतात. कमीत कमी ४८ तास उपकरण घरातील सर्वांत खालच्या, राहण्याजोग्या मजल्यावर ठेवावे लागते आणि त्याआधीचे १२ तास व पूर्ण चाचणीभर खिडक्या व बाहेरची दारे बंद ठेवावी लागतात (येण्याजाण्यापुरते दार उघडले तर चालते). कोणी कौतुकाने घर दाखवायला आले आणि हवा खेळावी म्हणून खिडक्या उघडल्या, तर निकालाला अर्थ उरत नाही. तासागणिक नोंद ठेवणारे उपकरण मागावे, म्हणजे मध्येच पातळी अचानक कोसळली असेल तर ते दिसते. पातळी जास्त निघाली तरी घाबरून घर सोडण्याचे कारण नाही. फरशीखालून नळ काढून पंख्याने तिथली हवा छपराबाहेर सोडण्याचा उपाय रुळलेला आणि खात्रीचा आहे.

दुसरी गोष्ट सीवर लाईन. घरातून मुख्य गटारापर्यंत जाणारी वाहिनी पुष्कळ ठिकाणी घरमालकाच्या जबाबदारीत येते आणि ती पूर्णपणे जमिनीखाली असल्याने इन्स्पेक्टर तिच्याविषयी काहीही सांगू शकत नाही. तुमच्या घराचे वय आणि समोरचे झाड पाहता ही तपासणी मी रेडॉनच्याही आधी ठेवीन. जुन्या मातीच्या नळांचे सांधे पाणी झिरपू देतात, झाडाची मुळे त्या ओलाव्याच्या शोधात सांध्यातून आत शिरतात आणि नळाच्या वरच्या बाजूने झिपऱ्यांसारखी लोंबू लागतात. पडद्यावर हे अगदी स्पष्ट दिसते. मुळे कापून काढता येतात. अधिक वाईट दृश्य असते ते नळ मध्येच खचल्याचे: कॅमेरा व्यवस्थित पुढे सरकत असतो, मग भिंग हळूहळू गढूळ पाण्याखाली जाते, काही फूट काहीच दिसत नाही आणि पलीकडे पुन्हा वर येते. तिथे उतार हरवलेला असतो. कितीही साफसफाई केली तरी तो परत मिळत नाही, खोदावेच लागते.

आता त्या भिंतीविषयी. एकाच भिंतीला रंग म्हणजे पाणी कुठे मुरते आहे हे विक्रेत्याला ठाऊक असण्याची शक्यता मी नाकारणार नाही, पण तेवढ्यावरून आरोपही करणार नाही. त्या भिंतीच्या तळाशी विजेरी तिरपी धरून पाहा. रंगाखाली बारीक पोपडे किंवा लोणा (ओलीमुळे भिंतीवर फुटलेला क्षार) असेल तर पृष्ठभाग खरबरीत दिसतो. मग त्याच भिंतीच्या बाहेर जाऊन जमीन घराकडे उतरते की घरापासून दूर, आणि पन्हळीचे पाणी नेमके कुठे पडते, ते पाहा. बेसमेंटमधील ओलीचे मूळ बरेचदा याच दोन जागी सापडते आणि तिथला उपायही आवाक्यातला असतो. भिंतीला मध्यावर आडवा तडा गेलेला असेल किंवा भिंत आत फुगलेली वाटत असेल, तर मात्र बाहेरच्या मातीचा दाब वाढला आहे असे समजून स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच बोलवावे. उभा, केसासारखा तडा काँक्रीट आकसल्यामुळेही पडतो आणि तो बहुधा निरुपद्रवी असतो.

आपला,
श्रीधर


प्रेषक: अनुराधा

नमस्कार मंडळी.

श्रीधरकाकांचे वर्गीकरण पटले. थर्मल कॅमेऱ्याबद्दल त्यांनी फारसे लिहिले नाही आणि तो माझ्या कामातला भाग असल्यामुळे भर घालते.

या कॅमेऱ्याला भिंतीच्या आतले दिसते हा समज जाहिरातींनी पसरवलेला आहे. त्याला फक्त पृष्ठभागाचे तापमान कळते. छताच्या कोपऱ्यात निळसर, कडा विरलेला डाग दिसला तर तिथे ओल असू शकते, कारण बाष्पीभवनाने ती जागा थंड पडते. पण आतले इन्सुलेशन (उष्णता रोखणारा थर) खाली सरकले असेल किंवा फटीतून गार हवा येत असेल तरीही चित्र जवळपास तसेच येते. म्हणून त्या जागी लगेच मॉइश्चर मीटर लावून पाहिलाच पाहिजे. दोन सुयांचा मीटर लाकडात टोचल्यावर त्यातून वीज किती सहज वाहते यावरून ओलाव्याची टक्केवारी देतो. घरातील कोरडे लाकूड साधारण ६ ते १२ टक्क्यांत असते आणि २० टक्क्यांच्या वर सतत राहिले तर कुजण्याची चिंता सुरू होते. प्लास्टरवर मात्र त्याच मीटरचा आकडा टक्के म्हणून वाचू नये. शेजारच्या कोरड्या जागेशी तुलना करावी, तेवढाच त्याचा उपयोग. अहवालात नुसती रंगीत चित्रे असतील आणि खाली मीटरचे आकडे नसतील, तर ती तपासणी अर्धीच झाली असे मी समजते.

इन्सुलेशन पाहायचे असेल तर घराच्या आतल्या आणि बाहेरच्या तापमानात सुमारे १० अंश सेल्सियसचा फरक हवा. गळती शोधायची असेल तर नुकताच पाऊस पडून गेलेला असावा, कारण महिनाभर कोरडे पडलेले छत कॅमेऱ्याला निर्दोषच दिसणार. हीच गोष्ट विजेची. सैल पडलेला सांधा विजेचा भार असतानाच तापतो. तुमचे घर रिकामे आहे, म्हणजे मुख्य पॅनेलवर भार जवळजवळ नाही. तपासणीआधी ओव्हन, ड्रायर, हीटर असे सगळे काही वेळ चालू ठेवायला सांगा, नाहीतर पॅनेलचे चित्र काढण्यात हशील नाही.

घराचे वय पाहता आणखी एक विचारावेसे वाटते. उत्तर अमेरिकेत साधारण १९६५ ते १९७३ या काळात बांधलेल्या बऱ्याच घरांत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारा टाकल्या गेल्या. हा धातू तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो, सांध्याशी त्याच्यावर ऑक्साइडचा थर बसतो आणि स्विच व सॉकेटमागचे स्क्रू कालांतराने सैल होऊन तापू लागतात. तुमचे घर त्या काळाच्या आसपासचे असेल, तर इलेक्ट्रिशियनकडून मुख्य वीजपुरवठा बंद करून दोन-तीन सॉकेट उघडून पाहून घ्या. त्याला कुठलेही खास यंत्र लागत नाही आणि माझ्या मते ही तपासणीही काकांच्या दुसऱ्या गटात जायला हवी, कारण तार तापेपर्यंत बाहेर काहीच दिसत नाही.

अनुराधा


प्रेषक: श्रीधर

अनुराधाताईंचा मुद्दा मान्य. तारांची तपासणी खूण दिसण्याची वाट न पाहता करावी.

उरलेल्यांविषयी थोडक्यात. ब्लोअर डोअरमध्ये दारात पंखा बसवून घरातला दाब ५० पास्कलने खाली आणतात आणि हवा कुठून शिरते ते मोजतात. ऊर्जेच्या दृष्टीने चाचणी उत्तम आहे, पण घर घ्यावे की नाही हे तिच्यावर ठरत नाही, तेव्हा ती राहायला गेल्यावरही करता येईल. ॲस्बेस्टॉस (जुन्या बांधकामात वापरलेले तंतुमय खनिज, ज्याचे तंतू श्वासातून गेल्यास घातक ठरतात) डोळ्यांनी ओळखता येत नाही, नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. मात्र अखंड, न फोडलेल्या अवस्थेत ते सहसा तंतू सोडत नाही. छत खरवडण्याचा किंवा भिंती पाडण्याचा विचार असेल तर आत्ताच तपासा, नसेल तर घाई नाही. अपवाद एकच: माळ्यावर बारीक, चकाकणारे, खड्यांसारखे इन्सुलेशन पसरलेले दिसले तर ते व्हर्मिक्युलाइट असू शकते. मोंटानातील लिबी येथील खाणीतून निघालेल्या अशा मालात ॲस्बेस्टॉस मिसळलेले होते आणि ती खाण १९९० पर्यंत चालू होती. त्याला हात लावू नका.

श्रीधर


प्रेषक: वैशाली

श्रीधरकाका, अनुराधाताई, मनापासून आभार.

विजेरी घेऊन त्या भिंतीकडे पुन्हा जाऊन आले. तळाशी, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत रंगाखाली खरबरीतपणा आहे आणि बाहेर नेमक्या त्याच कोपऱ्यात पन्हळीचा नळ भिंतीच्या पायाशीच संपतो. हे इन्स्पेक्टरला कळवल्यावर त्यांनी बुरशीसाठी हवेचा नमुना घेण्याचा आग्रह धरला. बुरशी काढण्याचे कामही त्यांच्याच कंपनीचा दुसरा विभाग करतो. हे योग्य आहे का?

वैशाली


प्रेषक: श्रीधर

वैशालीताई,

जो दोष शोधतो त्यानेच तो दुरुस्त करण्याचे काम घेऊ नये, हे या व्यवसायाच्या आचारसंहितेतले जुने तत्त्व आहे. त्यामुळे नम्रपणे नाही म्हणा. शिवाय या नमुन्यातून तुम्हाला काय कळणार? बुरशीचे बीजाणू प्रत्येक घरात आणि घराबाहेरही असतात, त्यांच्या प्रमाणाची सर्वमान्य मर्यादा ठरलेली नाही आणि अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्थाही सांगते की बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर नमुना घेण्याची बहुधा गरज नसते. नमुन्यात काहीतरी निघणारच आणि ते निघाले की उपाय विकता येतो. बुरशीचे कारण ओल आहे आणि ओलीचे कारण तर तुम्ही स्वतःच शोधून काढले आहे.

माझ्या मते आता तीन कामे करावीत. विक्रेत्यांना लेखी विचारावे की त्या भिंतीतून पाणी कधी आले होते, तेव्हा काय केले आणि त्याच्या पावत्या आहेत का. तोंडी उत्तर घेऊ नये. भिंतीची ओल मॉइश्चर मीटरने आजच मोजून ठेवावी आणि जोराच्या पावसानंतर शक्य झाल्यास पुन्हा मोजावी, कारण दोन आकड्यांतील फरकच सांगेल की पाणी अजून येते आहे की तो जुना डाग आहे. भिंतीला आतून बोर्ड किंवा लाकडी पॅनेल लावलेले असेल तर ते थोडे उघडून पाहण्याची परवानगी मागावी. ते पुन्हा पूर्ववत करून देण्याचे लेखी आश्वासन दिले तर विक्रेते तयार होतात. त्यांनी ठाम नकार दिला तर तोही एक निकालच समजावा आणि मुदत वाढवून मागावी.

श्रीधर


प्रेषक: वैशाली

काका,

लेखी प्रश्न आजच पाठवले. सीवरचा कॅमेरा आणि रेडॉनचे उपकरण परवाचे ठरले आहे. दोन्ही वेगवेगळ्या माणसांकडून करून घेत आहे आणि थर्मल कॅमेऱ्याला तूर्त नकार दिला आहे. घर रिकामे असल्यामुळे सीवरच्या तपासणीत काही वेगळी काळजी घ्यावी लागेल का?

वैशाली


प्रेषक: श्रीधर

हो, घ्यावी लागेल. वापर नसलेली वाहिनी कोरडी पडते आणि खचलेल्या भागात पाणी साठलेले न दिसल्याने ती सरळ असल्याचा भास होतो. म्हणून कॅमेरा उतरवण्याआधी सगळे नळ काही वेळ मोकळे सोडा, फ्लश दोन-तीनदा ओढा आणि तपासणी चालू असतानाही एक नळ वाहता ठेवा. संपूर्ण चित्रीकरण मागून घ्या, निवडक फोटोंवर समाधान मानू नका. दोष दिसला की कॅमेऱ्याच्या टोकाशी असलेल्या ट्रान्समीटरच्या साहाय्याने तो जमिनीवरून शोधून, खोली मोजून, त्या जागी खूण करायला सांगा. दुरुस्तीचा अंदाज वेगळ्या कंत्राटदाराकडून घ्यायचा असेल तर त्याला ती खूण आणि ती खोलीच लागेल.

श्रीधर