बास नाही, पण मरळ आहे ना!

अमेरिकेत वसंतात बास मासा काठाजवळच्या उथळ पाण्यात अंडी घालायला येतो आणि नर घरट्यावर पहारा देतो, हे बासच्या मासेमारीवरच्या तुमच्या लेखातलं वर्णन वाचून आपली मरळच डोळ्यांपुढे आली. तीही पिल्लांचा लालसर घोळका जिवापाड सांभाळते. फक्त तिचा मुख्य हंगाम पावसाळ्यात. अशी पिल्लांवरची मरळ धरू नये, असं आमचे मामा बजावतात.

मराठवाड्यात गळानं मासे धरायची असली मजा कुठे, असं तुम्ही विचारलंय. धुळवडीनंतरच्या रविवारी आम्ही दहा-बारा जण बीड जिल्ह्यातल्या गेवराईकडच्या एका पाझर तलावावर गेलो होतो. असे तलाव बहुधा मच्छीमार सोसायटीकडे ठेक्यानं असतात, म्हणून आधी विचारून घेतलं. (जायकवाडीच्या नादी लागू नका, ते पक्षी अभयारण्य आहे.)

पाणी उतरलेलं, काठाला बेशरमाची झुडपं. मरळ हवा घ्यायला वर येते, तिथं बुडबुडा फुटतो, तेवढीच खूण. मेहुण्यानं हजारोंची रीळ-काठी आणलेली, तीन तास नुसता फेकत होता. भाच्यानं बांबूच्या काठीला गळ बांधून गांडूळ लावलं आणि पाऊण किलोची काढली! मेहुणा अजून म्हणतो, ती माझ्याच गळाला लागून सुटलेली होती.

तीन दगडांच्या चुलीवर काळ्या मसाल्याचं कालवण, सोबत ज्वारीच्या भाकरी. मरळीला काटे कमी, त्यामुळे पोरांनीही हात आखडला नाही. बाकी मासळी चिलापीच (तिलापिया) होती, ती आत्यानं तव्यावर कडक तळली.

सकाळी साडेसहालाच पोहोचा. अकरानंतर ऊन बसू देत नाही.